नाकासाठी बरगडी

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मध्येच कुणी हसलेलं मला चालत नाही. नाकाचा प्रश्न आहे! आणि नाकाचा म्हणजे कसा? ह्या नाकापायी अख्खं गाव मला पोचवायला निघालं होतं. मी हातीपायी धडधाकट, दोन वेळा भाकरी खाणारा माणूस, आणि लोक माझ्या दारात येऊन डोळे पुसत होते!

थांबा, चहा ओतू द्या. पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव तलवाड्याच्या अंगाला. देवानं मला नाक दिलं ते दोघांना पुरेल एवढं. आमच्या घरात सगळ्यांचंच तसं, त्यामुळे लहानपणी मला त्याचं कधी काही वाटलं नाही. भानुदास माझा लंगोटीयार. एका बाकावर बसलो, एकाच मास्तरांचा मार खाल्ला, गोदावरीत एकत्र पोहायला शिकलो. पुढे दोघेही गावच्या दूध संस्थेत शिरलो आणि तिथंच आमच्या मैत्रीत मिठाचा खडा पडला. चेअरमनकीला तोही उभा, मीही उभा!

पारावर सभा होती. भानुदास उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, “आमचा इष्णू मानूस लई चांगला हाय. पर त्याचं नाक आदी सभेला येतं आन इष्णू मागून येतो. तवर सभा उठलेली आसती!”

काय हसलं गाव! माझी बायको शकूसुद्धा तोंडाला पदर लावून हसली, मी स्वतः पाहिलं. मी पडलो, तो चेअरमन झाला. त्या दिवसापासून मी भानुदासशी बोलणं सोडलं आणि आरशात बघायला सुरुवात केली. पिकायला लागलेल्या मिशीच्या माणसानं आरशाचा नाद धरणं फार वाईट बरं का! सरळ बघितलं तरी नाक, बाजूनं बघितलं तरी नाक.

पुढची निवडणूक जवळ यायला लागली तसं मी मनाशी ठरवलं, ह्या वेळी भानुदासला बोलायला जागाच ठेवायची नाही. गावात सांगितलं, “नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करायचंय.” हाड कुणाचंही वाढतं, त्यात लाज कसली? पुण्याला गेलो आणि डॉक्टरला हळूच म्हणालो, “साहेब, आत हात घालताच आहात तर बाहेरूनही जरा बारीक करा.”

त्यानं केलं. वर सांगितलं, “उन्हात फिरू नका, धूळ टाळा.” आता मला सांगा, बीड जिल्ह्यात, तेही ऐन उन्हाळ्यात, ऊन आणि धूळ टाळून माणसानं राहायचं कुठं? दुसरं होतं काय आमच्याकडे?

पट्टी निघाली. शकूनं मला उजेडात उभं केलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

“अवं, हे कुनाचं नाक आनलंत?”

“माझंच आहे.”

“तुमचं न्हाई हे. तुमचं सरळ होतं. हे गेवराईकडं तोंड करून बसलंय.”

खरंच बसलं होतं हो! शेंडा चिमटीत धरल्यासारखा आणि सगळं नाक डावीकडे कललेलं. त्याच्यावर कडी म्हणजे आत बारीक भोक पडलेलं. मी श्वास घेतला की शिट्टी वाजायची. जोरात नाही, बारीक, लांबून यावी तशी. पण वाजायची! लोक भले. वर्षभर म्हणत राहिले, “सूज हाय आजून. उतरली की बरं दिसंल.” कुणी एका शब्दानं टोचलं नाही. पण एका दहाव्याच्या कीर्तनात महाराज डोळे मिटून क्षणभर थांबले, सगळा मांडव चिडीचूप, आणि त्या शांततेत माझं नाक वाजलं! महाराजांनी एक डोळा उघडला. मागून कुणीतरी हळहळलं, “छाती भरलीया बिचाऱ्याची.” मी मान खाली घालून बसलो. छाती तर छाती! नाकापेक्षा बरी.

शेवटी मी परत पुणं गाठलं. ह्या वेळी दुसरी डॉक्टर, एक मॅडम. त्यांनी नाकात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाल्या, “दुरुस्त होईल, पण दुसऱ्यांदा करणं सोपं नसतं. नाकातली कूर्चा, म्हणजे आतलं मऊ हाड, संपली आहे. तुमच्या बरगडीची थोडी काढून नाकाला आधार द्यावा लागेल.”

“मॅडम, नाकासाठी बरगडी?”

“हो. घाई करू नका, घरी विचार करा. छातीचा स्कॅन तेवढा काढून आणा.”

आला का घोळ लक्षात? अजून नाही? येईल.

स्कॅन काढायला बीडला गेलो. तिथं बाकड्यावर कोण बसलेलं? आमच्या गावचे उद्धवतात्या, गुडघे दाखवायला आलेले. तात्या म्हणजे दूध संस्थेचे जुने संचालक, ह्याही वेळी निवडून आलेले. गावातली कुठलीही बातमी आधी तात्यांकडे जाते, मग ज्याची आहे त्याच्याकडे.

“इष्णू? तू हितं कावून?”

नाकाचं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते भानुदासच्या कानावर गेलं असतं. चेअरमनची निवड तोंडावर आलेली. संचालक आम्ही दोघेही निवडून आलो होतो, मतं जवळपास सारखी होती आणि दोघांनीही अर्ज भरलेला. नाक नीट करायला पुण्याला फेऱ्या मारतोय म्हटल्यावर एकानं तरी मला मत दिलं असतं का? म्हणून मी एक वाक्य बोललो. फक्त एक! आणि तेही अगदी खरं.

“तात्या, बरगडी काढायची म्हनतेत.”

तात्यांचा चेहरा उतरला. त्याच वेळी माझ्या नाकानं लांब शिट्टी वाजवली. तात्यांनी माझ्या छातीकडे बघितलं आणि माझा हात हातात घेतला.

“कुनाला सांगू नका तात्या,” मी म्हणालो.

आमच्या गावात ‘कुणाला सांगू नका’ म्हणणं म्हणजे दवंडी पिटायला सांगणं, हे मला कळायला नको होतं का? पण नाही कळलं. तात्यांनी मला चहाला नेलं, स्वतःच्या हातानं बिस्कीट बुडवून माझ्या तोंडापुढे धरलं आणि एक शब्द बोलले नाहीत. जन्मात पहिल्यांदा गप्प राहिलेले तात्या! तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दारात चपला मावेनात. आमच्याकडे रोगाचं नाव सांगितलं नाही की लोक समजून जातात, ‘तो’च रोग. नाव विचारत नाहीत. ग्लुकोज बिस्किटांचा पुडा ठेवतात, पायाशी बसतात आणि धीर देतात. धीर कसा? “काय काळजी करू नगं. आमच्या साडूला बी आसंच झालतं. लई देवमानूस होता.” होता! मी पुडे मोजायचे सोडून दिले.

शकूला सगळं ठाऊक होतं. माणसं गेली की ती माझ्यावर घसरायची.

“सांगा की लोकांस्नी, काय बी झालं न्हाई म्हनून.”

“सांगतो गं. जरा निवड होऊ दे.”

“लोकांची आसवं जिरली की मग सांगनार का?”

इथपर्यंत मला, खोटं कशाला बोलू, जरा गंमतच वाटत होती. पण त्या दुपारी टँकर आला. त्या वर्षी टँकर म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. हंड्याला हंडा लागायचा, सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आणि शेजारच्या गयाकाकू, ज्यांनी दोन बादल्यांवरून स्वतःच्या भावाशी भांडण केलेलं, त्यांनी पहिला भरलेला हंडा आणून आमच्या उंबऱ्यात ठेवला.

“काकू, हे काय? तुमचं पाणी?”

“राहू दे रं. पेशंटच्या घरात पानी लागतं. हात धुवाया, पाय धुवाया. आमी काय, धकवू.”

त्यांच्या मागून आणखी एक हंडा आला. मग आणखी एक. आमचा रांजण वर्षात पहिल्यांदा काठोकाठ भरला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. गयाकाकूंच्या घरात त्या दिवशी भांडी राखेनं कोरडीच घासली, हे शकूनं मला सांगितलं आणि माझ्याकडे पाठ फिरवून बसली.

ठरवलं, आत्ता उठायचं आणि पारावर जाऊन सांगून टाकायचं. उठलो, टोपी घातली. आणि दारात भानुदास!

खांद्यावर हंडा. चेअरमन माणूस, पांढरे कपडे, आणि अर्धा सदरा पाण्यानं भिजलेला. त्यानं हंडा टेकवला, माझ्यासमोर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या दारात पाय ठेवला नव्हता. मी दम घेतला. शिट्टी वाजली.

भानुदास रडायला लागला.

“किती तरास होतोय बे तुला,” तो म्हणाला. “आन मी हितं चार घरं सोडून ऱ्हातो, मला पत्ता न्हाई.”

“भानुदास, ऐक…”

“तू बोलू नगं, दम लागंल. मीच बोलतो. सकाळी सचिवाकडं गेलतो. माजा अर्ज मी काढून घेतला. चेअरमन तू हो. तुजी लई हौस होती. बिनविरोध होऊ दे.”

बिनविरोध! ज्या खुर्चीसाठी मी झोप घालवली, नाक घालवलं, ती खुर्ची भानुदासनं आणून माझ्या पायाशी ठेवली. आणि मला आनंद झाला का? छे!

“आजून एक हाय,” तो म्हणाला. “त्या सभेत मी तुज्या नाकावर बोललो. दोन टाळ्यांसाठी बोललो. तवापासून तू बोलायचा बंद झालास. लई डाव वाटलं, जावं आन म्हनावं, चुकलो बाबा. पर पाय उचलला न्हाई.”

मग त्यानं माझा हात धरला आणि आवाज खाली आणून, शकूला ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, “इष्णू, डाक्टरला एक इचारशील का? बरगडी दुसऱ्याची चालती का? चालत आसंल तर माजी घ्या म्हनावं. मला हायेत की भरपूर.”

काय सांगू तुम्हाला? मला हुंदका आला. खरा हुंदका, नाटकाचा नाही. रक्ताचा भाऊ शेताचा बांध द्यायला तयार होत नाही, आणि हा बरगडी द्यायला बसला होता. आता गप्प राहिलो असतो तर माझ्यासारखा नीच मीच.

“भान्या, बरगडी नाकाला लावायचीय.”

“आं?”

“छातीला काही झालेलं नाही. नाक बिघडलंय. ते सरळ करायला बरगडीचा तुकडा लागतो.”

“नाकाला?”

“हं.”

“नाकाला बरगडी?”

“हं.”

“आन ही शिट्टी?”

“नाकातूनच येते. आत भोक आहे. हाडबिड काही वाढलं नव्हतं रे. तू सभेत बोललास ना, म्हणून मी नाक बारीक करून घेतलं. ते बिघडलं.”

भानुदास माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आधी नाकाकडे, मग छातीकडे, मग परत नाकाकडे. त्याच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं. मग तो उठला, हंडा उचलून खांद्यावर घेतला आणि चालायला लागला.

पाणी परत घेऊन!

अंगणाच्या टोकाला थांबला. परत आला. अर्धा हंडा आमच्या बादलीत ओतला.

“वयनीचा काय दोष?” असं म्हणून अर्धा हंडा घेऊन गेला.

मला वाटलं, संपलं. खुर्ची मिळाली आणि भानुदास गेला, तोही कायमचा. त्या अर्ध्या बादलीकडे बघून मला जे वाईट वाटलं, ते नाक पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हाही वाटलं नव्हतं. शकू बाहेर आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, “सांगितलं ते बरं केलंत.” बस, एवढंच.

सकाळी दूध घालायला केंद्रावर गेलो तर गावाला सगळं कळलेलं. मग गयाकाकूंनी तोंड उघडलं, “इष्णू, माजा हंडा दे बाबा आनून. आन त्यात पानी आसूंदे!” सगळी रांग हसली. पण उद्धवतात्या हसले नाहीत. ते खरोखर अडचणीत होते.

“मी कपिलधारला नवस बोललोय तुज्यासाठी,” तात्या म्हणाले. “इष्णू वाचला तर अनवानी चालत येईन म्हनून. तू तर वाचलास! आता ह्या गुडघ्यांनी जायाचं कसं मी?”

नवस कसा मोडायचा? शेवटी मीच जायचं ठरलं, तात्यांच्या वतीनं, अनवाणी. तेही कबूल केलं. भानुदास मात्र रांगेत शेवटी उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

दुपारी नव्या संचालकांची सभा. गाव खिडक्यांना लटकलेलं. सचिवानं वाचून दाखवलं, एकच अर्ज, म्हणून मी बिनविरोध चेअरमन. टाळी नाही, हार नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मंडळी, ही खुर्ची मला फसवून मिळालीय. मी राजीनामा देतो. भानुदासला चेअरमन करा.”

तेव्हा पहिल्यांदा भानुदासनं मान वर केली.

“राजीनामा देतो म्हने! गावात दूध न्हाई, जनावराला चारा न्हाई, छावनी मागायला रोज गेवराईला खेटं घालावं लागतेत, आन हा पळून चाललाय. बस खाली! बिनविरोध केलंय ना? आता निस्तर.” मग तो सचिवाकडे वळला. “लिही, मी ठराव मांडतो. चेअरमनसायबांनी हाय तेच नाक ठिवावं. त्येला पुन्यांदा कुठल्या बी डाक्टराचा हात लागू नये. बरगडीला तर बिलकूल न्हाई.”

“अरे पण भानुदास…” मी म्हणालो.

“गप बे. एक डाव मी येड्यावानी बोललो आन तू जाऊन नाक वाकडं करून आलास. आता परत टेबलावर झोपलास आन उटला न्हाईस, तर? एक रात मी तू मेला म्हनून काढलीया. दुसरी काढायची ताकद न्हाई माज्यात.” त्यानं खाकरून सावरलं. “कोन अनुमोदन देतंय?”

“मी,” तात्या म्हणाले.

“आन शिट्टीचं काय करायचं?” खिडकीतून कुणीतरी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या. चेअरमन सभेत जागा हाय का झोपला, तेवडं तरी कळंल.”

झालं! सगळ्या संचालकांचे हात वर. खिडक्यांतून हात वर, ज्यांचा संस्थेशी काही संबंध नाही त्यांचेही. दारात चहाची किटली घेऊन शकू उभी होती. ती सभासद नाही, काही नाही. तिनं किटली ह्या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा हात सगळ्यांच्या वर केला!

“इरोधात?” भानुदासनं विचारलं.

मी हात वर केला. एकटा मी.

“तुजा हात धरता येत न्हाई,” भानुदास म्हणाला. “चेअरमनला मत कवा? दोन्हीकडं सारकी पडली तरच. खाली घे.”

मी सचिवाकडे बघितलं. वाटलं, हा तरी शिकलेला माणूस आहे, काहीतरी बोलेल. त्यानं ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं आणि सहीसाठी वही माझ्याकडे सरकवली.

केली सही. काय करता? आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला स्वतःच्या नाकावर एक मत नाही, त्यानं पाच वर्षं चेअरमनकी काय केली असेल?